परदेशी नंबरावरून बाबांना फोन

सहा वर्षं बाबांनी माझा फोन उचलला नव्हता. दोनदा रिंग जायची आणि कट व्हायचा. मी जातीबाहेर लग्न केलं तेव्हा ओट्यावर उभं राहून ते म्हणाले होते, "इथी आता पाय नोको ठेवू." आई त्याआधीच गेलेली, मी एकुलती एक. मार्कंड्याजवळच्या आमच्या गावात ते एकटेच राहायचे, वैनगंगेत जाळं टाकायचे. मी अहेरीला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. नवऱ्याची नोकरी नागपूरला, महिन्यातून एकदा यायचा. मुली सुट्टीत गावी गेल्या की त्या एवढ्या मोठ्या इमारतीत माझ्या एकटीच्या भांड्यांचा आवाज घुमायचा.

अशाच एका दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर एक ॲप दिसलं. फुकटात दुसरा नंबर. घेतला, तर तो परदेशातला निघाला. जाहिराती बघितल्या की बोलायला मिनिटं मिळायची. सकाळभर साबणाच्या आणि खेळांच्या जाहिराती बघितल्या आणि दुपारी बाबांना फोन लावला.

त्यांनी लगेच उचलला. "हालो, कोन होय?"

ठरवलेलं सगळं विसरले. ऑफिसातल्या शुद्ध मराठीत तोंडातून निघालं, "भाऊ, मासे मिळतील का?"

"मासोळी? आता नदीले पानी उतरलं, झिंगे भेटतीन. पन बाई, तुमचा नंबर असा लंबा काऊन आहे?"

"मोबाइलच तसा आहे," मी म्हणाले. आवाज अडकत, उशिरा पोचत होता. त्यांना कमी ऐकूही यायला लागलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही.

मग मी दर रविवारी फोन करू लागले. आधी माशांचं विचारायचे, मग तब्येतीचं. मासे घ्यायला मी कधीच गेले नाही, तरी त्यांनी काही विचारलं नाही. कुणीतरी बोलतंय एवढं त्यांना पुरत असावं. गुडघा दुखतो, जाळ्याची गाठ दिसत नाही, वरण करपलं की तसंच खातो, असं सगळं सांगायचे. मी ऐकताना फोन कानाला इतका दाबून धरायचे की कान लाल व्हायचा.

एकदा धीर करून विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक पोरगी आहे. अहेरीले मोठ्या नोकरीवर आहे. पन्नास पोरी सांभाळते." बाबांच्या आवाजात कौतुक होतं. माझ्या नोकरीचं त्यांना कुणी सांगितलं, मला आजही माहीत नाही.

"येते का?"

"नाई येत. मीच नाई म्हनलं होतं तिले."

माझी ती शुद्ध मराठी तिथेच संपली. "बाबा, मी होय. मीच बोलून राह्यली."

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी फोन कापला नाही. मी "बाबा, बाबा" करत राहिले आणि मिनिटं संपून फोन आपोआप तुटला. घाईघाईनं जाहिराती बघून पुन्हा लावला. उचलला नाही. माझ्या खऱ्या नंबरावरून लावला, तोही नाही. तीन रविवार तसेच गेले. वाटलं, कसं का होईना, जे मिळत होतं तेही मी घालवलं.

चौथ्या रविवारी मी माझ्याच नंबरावरून लावला आणि त्यांनी उचलला.

"जेवली का?"

"हो. तुमी?"

"जेवलो. ठेवतो मंग."

त्याला आता वर्ष झालं. दर रविवारी एवढंच बोलणं होतं. घरी ये असं ते म्हणत नाहीत, येऊ का असं विचारायची माझी हिंमत होत नाही. तो दुसरा नंबर बरेच दिवस वापरला नाही म्हणून ॲपवाल्यांनी काढून घेतला. गुडघ्याचं विचारलं तर "बरा आहे" म्हणतात. बरा नसणार. त्या अनोळखी बाईला त्यांनी खरं सांगितलं असतं.