उजवा कौल आणि पंखावरचा दिवा

माझा धाकटा दीर मंगेश याच्याकडे विमान होतं, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. म्हातारी बरळायला लागली, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. पण होतं. दोन माणसांचं, रिक्षापेक्षा थोडं मोठं, आणि रिक्षापेक्षा जास्त वेळ दुरुस्तीत असणारं.

मंगेश मुळात इंजिनवाला. आधी मालवणच्या बंदरात ट्रॉलरची इंजिनं खोलायचा, मग मुंबईला विमानांच्या शेडमध्ये लागला. जेवायला बसला तरी हाताला रॉकेलचा वास. किशोरी, त्याची बायको, म्हणायची की मंगळसूत्र बांधलं तेव्हाही तोच वास होता. आमच्या गावचे एक शेठ काजूच्या धंद्यात मोठे झाले. त्यांनी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावर, कातळ सपाट करून धावपट्टी केली, विमान आणलं आणि ते सांभाळायला मंगेशाला गावी बोलावून घेतलं. शेठ चालवायचे, मंगेश शेजारी बसायचा. पुढे शेठांनीच त्याला शिकवून परवाना काढायला लावला. ते वारले तेव्हा त्यांची मुलं परदेशात. त्यांनी कळवलं, काका, विमान तुम्हीच ठेवा. म्हैस दिली असती तर निदान दूध तरी मिळालं असतं, असं मी म्हटलं. मंगेश हसला नाही. त्याला विमानच हवं होतं.

कशाला हवं होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. किशोरीला शेजारी बसवून एकदा आरोंद्यापर्यंत जायचं, आणि खाडीकाठचं तिचं माहेर तिला वरून दाखवायचं. शेठ असताना त्याने हे कधी मागितलं नाही. दुसऱ्याच्या विमानात आपली बायको कशी बसवायची? किशोरी वरवर म्हणायची, "माझ्या भावान घरावर ताडपत्री घातल्यान हा, ती काय वरसून बघूची?" पण भावाला फोन करून ताडपत्री काढायला सांगितली, तीही तिनेच.

अडलं ते एका पेटीवर. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे सगळ्यांना सारखं ओरडून सांगणारी पेटी असते म्हणे. आता जवळपास मोठी विमानं येतात, त्यांना हे आपलं चिलट दिसायला नको? पेटी बसवल्याशिवाय उडू देणार नाही, असं मंगेशाला कळवण्यात आलं. त्यात त्याला साखर. परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी व्हायची, आणि दर खेपेला डॉक्टर टॉर्च जरा जास्तच वेळ धरायचा. पुढच्या तपासणीत आपण पास होऊ, असं मंगेशालाच वाटत नव्हतं. जे करायचं ते त्याच्या आत.

चांगली नवी पेटी घ्यायची तर विमानाचं तोंड खोलून सगळ्या तारा नव्याने ओढायच्या. तिची किंमत ऐकून त्याने फोन ठेवला आणि पाणी मागितलं. मग परवडणाऱ्या दोनच उरल्या. एक, मुंबईतल्या जुन्या सोबत्याकडची वापरलेली. दिसायला कळकट, पण चालू. दुसरी अमेरिकेतली, आणि तिची गंमत अशी की ती पेटी नव्हतीच, दिवा होता. विमानाच्या पंखाच्या टोकाला दिवा असतो, तो काढायचा आणि त्याच जागी हा लावायचा. उजेडही देतो आणि ठिकाणही सांगतो. कुठे भोक पाडायला नको. मंगेश त्या दिव्याचं चित्र मोबाईलवर मला पुन्हा पुन्हा दाखवायचा, लग्न ठरलेल्या मुलाने मुलीचा फोटो दाखवावा तसा.

मन दिव्याकडे, पण धीर होईना. सोबती विचारत होता, पेटी ठेवू की देऊन टाकू? आमच्या गावात विहीर खणायची, मुलगी द्यायची, होडी घ्यायची, काहीही असो, देवाला कौल लावल्याशिवाय होत नाही. मंगेशही देवळात गेला. गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर दिवा, डावी पडली तर जुनी पेटी. गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान दोन वस्तू काढल्यान हत. त्यातली टिकाऊ आसात, ती दाखव." आम्ही पाठीमागून "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी तर जोरात म्हटलं.

उजवी पाकळी पडली. मंगेशाचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. देवळाच्या पायऱ्यांवरूनच त्याने सोबत्याला नको म्हणून कळवलं.

माझ्या नणंदेचा मुलगा अजय बोटीवर असतो. आमच्याकडे बोटीवरच्या माणसाला घरोघरचे लोक सांगून ठेवतात, हे आण, ते आण. चॉकलेटं, अत्तर, गुडघ्यांचं मलम. मंगेशाने दिवा सांगितला. अजयने अमेरिकेच्या बंदरातून तो आणला, आणि मंगेशाने स्वतःच्या हाताने बसवला. किशोरीने दिव्याला हळदकुंकू लावलं.

मग दिवा तपासायला संचिता नावाची मुलगी आली. विमानांच्या वायरलेसचं काम करणारी, शांत. ती आपलं यंत्र घेऊन बराच वेळ पंखाशी उभी राहिली. मग म्हणाली, "काका, दिवा चांगला आहे. तो बोलतोय. पण तो ज्या लहरीवर बोलतो, ती फक्त अमेरिकेत ऐकतात. आपल्याकडे त्या लहरीवर कुणी ऐकतच नाही."

खोक्यावर तसं छापलेलंही होतं, फक्त अमेरिकेसाठी. मंगेशाला वाटलं होतं, ते गॅरंटीचं असेल.

सोबत्याची ती कळकट पेटी इथल्याच लहरीची होती. ती तोवर दुसऱ्याच्या विमानात गेली होती. गुरवाकडे कुणी बोललं, तर तो म्हणाला, टिकाऊ कुठली एवढंच विचारलं होतं, आणि दिवा टिकाऊ आहेच की. ते खरंच होतं. अजून पेटतो तो. किशोरीने मात्र देवळात जायचं सोडलं. मला म्हणाली, "देवाक दोष देणय नाय, वयनी. पण माका थय उभ्यान रवाक होना नाय."

अजयने पुढच्या सफरीत दुसरी पेटी आणली, इथली लहर नीट विचारून घेऊन. त्याची बोट यायला उशीर झाला. त्याआधी तपासणी झाली. डॉक्टरने टॉर्च धरला आणि या वेळी लवकर विझवला. डोळ्याच्या मागे रक्त उतरलं होतं. परवाना गेला. नवा मिळणार नाही, असं डॉक्टरने समजावून सांगितलं म्हणे, चहाही पाजला.

तरी मंगेशाने पेटी बसवायला घेतली. दिसत नव्हतं नीट, तर बोटांनी चाचपून तारा जोडत होता. संचिता पुन्हा येऊन बघून गेली. सगळं बरोबर आहे म्हणाली, आणि हसून विचारलं, कधी उडताय? तिला कुणी सांगितलं नव्हतं. मंगेश म्हणाला, बघूया.

ती गेल्यावर आम्ही तिघंच सड्यावर राहिलो. सड्यावर वारा होता, शेडचा पत्रा वाजत होता. ती दोघं विमानात बसली, मी दाराशी उभी. मंगेशाने पेटी चालू केली आणि अजयला स्पीकरवर फोन लावला. विमानं दाखवणारा एक नकाशा असतो, तो अजयने उघडला.

"दिसता काय रे?"

"दिसता, मामा. सड्यार उभां आसा."

"नीट बघ."

"नीटच बघतंय. तुमचाच आसा. नंबर पण दिसता."

मंगेश फोन हातात धरून तसाच बसून राहिला. किशोरी शेजारच्या सीटवर होती, समोर पत्र्याच्या दाराकडे बघत. मग त्याने खटका बंद केला.

"मामा," अजय तिकडून म्हणाला, "आता दिसणा नाय."

मंगेशाने फोन माझ्या हातात दिला. मी त्या पोराला, जेवलास काय रे, म्हणून विचारलं.