पुढून आत, मागून बाहेर

वादळ गेलं आणि बॅनर आले. वरळी कोळीवाड्यात पत्रे उडालेल्या घरांपेक्षा मदत करणारे ग्रुप जास्त झाले, असं आमची कोळीण मावशी म्हणायची. तिचं छप्पर गेलं, मागची भिंत बसली, आणि तिला मिळालं काय, तर मेणबत्त्या. एका ग्रुपने दिल्या, दुसऱ्याने दिल्या, तिसऱ्याने सुगंधी दिल्या. "बाय, छप्पर नाय तिथं मेणबत्ती टिकंल कशी गो?" तिने मला विचारलं. मी काय सांगणार, कपाळ.

ही मावशी आमच्या करी रोडच्या चाळीत वर्षानुवर्षं मासे घेऊन येते. मी नवी नवरी असताना बोंबील साफ करायला तिनेच शिकवलं, तेही शिव्या घालत. नवरा गेल्यापासून एकटी राहते. वादळात छपराचा वासा तिच्या पायावर पडला आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच पडून होती. भिंतीला भिंत लागलेली वस्ती, पण कोणाला पत्ता नाही. जो तो आपापलं छप्पर धरून बसलेला. विरारला राहणाऱ्या तिच्या मुलाने त्याचा धसकाच घेतला. म्हणाला, "आई, पावसाआधी घर उभं राहिलं नाही तर कुलूप लावून तुला घेऊन जाणार." मावशीला विरार म्हणजे काळं पाणी. "समुद्र नाय तिथं मी काय करू? नळाकडं बघत बसू?"

तिने जाऊ नये असं मला फार वाटत होतं. स्वार्थ म्हणा हवं तर.

आमचे हे गणपती मंडळाचे अध्यक्ष. घरातला बल्ब बदलायला ह्यांना मुहूर्त लागतो, मंडळाचं काम निघालं की मात्र अंगात येतं. मी म्हटलं, "दरवर्षी देवाला राजवाडा बांधता, एका बाईचं घर होत नाही तुमच्याने?" लागलं मनाला. लगेच मीटिंग. पहिली मीटिंग टी-शर्टच्या रंगावर झाली, दुसरी बॅनरवर कोणाचा फोटो मोठा यावर. तिसऱ्या मीटिंगला घराचा विषय निघाला, तोही मी चहा घेऊन गेले आणि तिथेच ठाण मांडून बसले म्हणून.

पण खोटं कशाला बोलू? कामाला लागली ना माणसं, की बघत राहावं. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर नवे पत्रे, आवळून हुक. मी स्वतः खांब धरून हलवून बघितला, तसूभर हलला नाही. मावशी लंगडत लंगडत सगळ्यांना चहा देत होती. तिच्या तोंडून दिवसभरात एकही शिवी आली नाही, तेव्हा मला तिची काळजीच वाटली.

मग मी मागे गेले. जिथे आधी नुसती भिंत होती, तिथे मधोमध चांगलं ऐसपैस दार, कवाड-कडी काही नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बाहेर पडायला," हे म्हणाले.

"पुढच्या दाराने पडेल की."

ह्यांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं, कार्यकर्त्यांनी ह्यांच्याकडे. जन्मभर मंडप बांधणारी माणसं ती. भाविक पुढून आत, मागून बाहेर. हात आपोआप तसेच चालले. कोणी ठरवलं नव्हतं, म्हणून कोणी अडवलंही नव्हतं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आणि गर्दी झाली तर?"

एकट्या बाईच्या घरात कसली गर्दी, डोंबलाची.

उद्घाटनाला फीत कापली, नारळ फोडला, आणि पाहुणे कोणी न सांगता रांगेने पुढून आत गेले, मागून बाहेर पडले. गल्लीला तेवढं पुरलं. मावशीच्या घरापुढे बाजाराची गल्ली, मागे होड्यांकडे जाणारी, आणि एकीतून दुसरीत जायला आधी मोठा वळसा पडायचा. दुसऱ्या दिवसापासून सगळे मावशीच्या घरातून जायला लागले. कोणी खांद्यावर जाळं घेऊन, कोणी बर्फाची लादी घेऊन. एकाला तर स्कूटर ढकलत नेताना मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. सुरुवातीला चपला काढायचे, मग तेही सोडलं. मावशी शिव्या घालायची, लोक "हो मावशी" म्हणून पुढे.

मी ह्यांच्यामागे लागले की भिंत घालून द्या. तोवर गणपती जवळ आलेले. "आता सगळे मंडपाला जुंपलेत," हे म्हणाले. एक पाटी तेवढी पाठवली, 'हा रस्ता नाही', आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत मंडळाचं नाव. लोक ती वाचत वाचत आरपार जायचे.

विसर्जन झालं, मंडळाला जाग आली. विटा आणि सिमेंट घेऊन हे निघाले, मी सोबत. जाऊन बघते तर मावशीचा मुलगा आलेला, पलंगाच्या कडेला बसून ही सगळी वर्दळ बघत होता. हा आता आईला आजच उचलतो, मला वाटलं. आणि माणसं आपली चाललेली. एक जण जाता जाता विचारतो पाय कसा आहे, दुसरी विचारते जेवलीस का. एकीने तर न विचारता कळशी उचलली, भरून आणून ठेवली आणि गेली. मावशी प्रत्येकाला वेगळी शिवी देत होती.

ह्यांनी विटा उतरवायला घेतल्या तसा मुलगा उठून मागच्या दारात उभा राहिला.

"काका, राहू दे ते."

"अरे, पण आईला केवढा त्रास."

"वादळात आई इथेच पडून होती, कोणी आलं नाही," तो म्हणाला. "आता पडली तर निदान कोणीतरी अडखळेल."

ह्यांनी हातातली वीट परत ढिगावर ठेवली. मी पदर डोळ्यांना लावला आणि टोपलीतली कोलंबी बघितल्यासारखं केलं.

मावशीने बोंबील कापता कापता मानही वर केली नाही. "मेल्यांनो, वाटेत उभे राहू नका," ती म्हणाली, "लोकांना जायचं हाय."