कानाक मऊ लागता

माझ्या धंद्यात कान लागतात. कोकणात, मिठबावला घरी बसून मी बोलक्या पुस्तकांचा आवाज साफ करते. वाचणाऱ्याने गिळलेला आवंढा, ओढलेला श्वास, मागे कुठेतरी भुंकलेलं कुत्रं, सगळं शोधायचं आणि काढून टाकायचं. जुना हेडफोन तुटला तेव्हा मुंबईच्या एका सहकारी मैत्रिणीने भारीतले दोन हेडफोन आठ दिवसांसाठी पाठवले आणि सांगितलं, "दोन्ही ऐक आणि एक ठेव." दोन्ही बंद पाठीचे, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे. आमच्याकडे दुसरे चालतच नाहीत. आई नारळ खवायला बसली की मला वाचणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही.

पहिला चामड्याच्या गाद्यांचा. खर्ज असा भरून यायचा की पोटात कळावा. पण मेला जड! तासाभरात मान अवघडायची आणि इथल्या दमट हवेत कान चिंब. दुसरा हलका, मखमली गाद्यांचा. खर्ज बेताचाच, पण माणसाचा आवाज इतका स्वच्छ की वाचणाऱ्याची कवळी सैल आहे हेसुद्धा मला कळलं. खरं तर निवड पहिल्याच दिवशी झाली होती. तरी मी दोन्ही ठेवून घेतले, कारण माझ्या डोक्यात बाबा आले.

बाबा गावाचं गाऱ्हाणं घालतात. जत्रेला देवापुढे उभं राहून साऱ्या गावाच्या वतीने मागायचं: कलमांचा मोहर टिकू दे, दर्यावर गेलेला सुखरूप परत येऊ दे. प्रत्येक मागण्यानंतर पाठीमागे उभा असलेला गाव एका सुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" तो होकार कानावर आला की मगच पुढचं मागणं. मागच्या जत्रेत बाबा थांबलेच नाहीत. गावाचा होकार त्यांच्या पुढच्या वाक्यावर आपटत राहिला आणि बायकांनी पदर तोंडाला लावले. मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर मानकऱ्यांनी गोडीने सांगितलं, पुढच्या जत्रेला ऐकायला येत असेल तर तुम्ही, नाहीतर तुमचा चुलतभाऊ घालील. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आणि आता जत्रा चार दिवसांवर आली होती.

कानाचे डॉक्टर आधीच सांगून चुकले होते की नसच सुकली आहे, यंत्राचा फारसा उपयोग नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्या मारतं म्हणून बाबांनी सुपारीच्या डब्यात टाकलं. पण डॉक्टरला काय कळतं, असं मी ठरवून टाकलं. मी मोठी आवाजातली शहाणी! मोबाईलच्या माइकने समोरचा आवाज घ्यायचा आणि वाढवून हेडफोनात सोडायचा, एवढं तर मला येत होतं.

सकाळी न्याहारी झाल्यावर त्यांना पडवीत बसवलं. पहिला चढवला.

"बाबा, तुमका आयकाक येता?"

"व्हय."

"कसो वाटता?"

"जड आसा. कान घामतत."

दुसरा चढवला. "आता?"

"ह्यो बरो. कानाक मऊ लागता."

"आणि आवाज? आवाज कसो?"

"मऊ आसा," म्हणाले आणि गादीवरून बोट फिरवत राहिले.

मी आवाजाची तुलना करत होते आणि ते गाद्यांची. तेव्हाच कळायला हवं होतं. पण नाही, मी आईपुढे तोरा मिरवला, बघ, म्हटलं नव्हतं? आई म्हणाली, "अगो, तेंका व्हय म्हणाची सवय झाली हा. काल मिया इचारलंय भात वाढू की भाकरी, तर म्हणतत व्हय." मी तिच्यावरच खेकसले, "तू गप गो. तुका काय कळता ह्यातला?" ती बिचारी नारळ घेऊन आत गेली.

मग मी बाबांना खुणेने म्हटलं, गाऱ्हाणं घाला, बघूया. बोडक्या डोक्याने देवाचं नाव कसं घ्यायचं, म्हणून त्यांनी हेडफोनवरूनच टोपी बसवली. अंगणात तुळशीपुढे उभे राहिले, हात जोडले. पहिलं मागणं झालं. बाजूला उभी राहून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" ते थांबले, मग पुढे गेले. दुसरं. तिसरं. अगदी बरोबर! आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरेनात. चौथ्या मागण्याला लक्षात आलं की तुळशीकडे तोंड असलं तरी त्यांची नजर तिरकी होऊन माझ्या ओठांवर आहे.

जत्रेत गाव पाठीमागे असतो. मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

बाबांनी पाचवं मागणं मागितलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. चेडू म्हणजे लेक, म्हणजे मीच. बाबा थांबून राहिले. मी मोबाईलवर आवाज शेवटपर्यंत नेला आणि मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. मग घसा फुटेपर्यंत ओरडले. आतून धावत आलेली आई माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" कुंपणापलीकडे माडांना पाणी लावणाऱ्या शेजाऱ्यांना वाटलं खरंच गाऱ्हाणं चाललंय, त्यांनीही नळी टाकून तिथूनच हाक दिली, "व्हय म्हाराजा!"

बाबा हात जोडून उभेच. मान वळवली नाही त्यांनी. गाऱ्हाणं अर्धवट सोडून मागे बघायचं नसतं.  मग मला समजावल्यासारखं, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"म्हण ना गो बाय, व्हय म्हण. देव थांबलो आसा."