अनवाणी चर्चची फरशीवाली

त्या चर्चचं खरं नाव पाटीवर दोन ओळींत लिहिलंय, पण ते कुणी घेत नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘अनवाणी चर्च’ म्हटलं की तो बरोबर दारात नेऊन सोडतो. हे नाव पडलं एका फरशीवालीमुळे.

तिचा नवरा फरशीमिस्त्री. त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा तिने त्याची थापी उचलली. ‘बाईच्या हातची फरशी टिकत नाही,’ असं बांधकामावरचे पुरुष तिच्या तोंडावर म्हणायचे.  ती खाली मान घालून पुढची फरशी लावायची.

चर्च हे तिचं पहिलं मोठं काम. शेवटची फरशी बसली आणि चौथ्याच दिवशी फादर धापा टाकत आले.

“मावशी, बिशप या रविवारीच येतायत. उद्घाटन आठ दिवस अलीकडे आलंय.”

“येऊ देत की. पण सिमेंटने अजून फरशी धरलेली नाही. टाचा आपटल्या तर हलेल.”

“अहो, आता तारीख बदलत नाही.”

“मग बूट घरी ठेवा.”

फादरांना ती थट्टा वाटली. रविवारी बघतात तर बाई दारातच ठाण मांडून बसलेली! नटूनथटून आलेली मंडळी पायऱ्यांवर खोळंबली.

“बूट बाहेर. अनवाणी माणूस जपून पाय टाकतो,” ती प्रत्येकाला सांगत होती.

कुणी हसलं, कुणी तणतणलं. तेवढ्यात बिशपांची गाडी आली. फादरांचा जीव टांगणीला लागला.

“मावशी, निदान यांना तरी जाऊ द्या!”

“उद्या फरशी हलली तर ‘बाईने बसवली होती’ म्हणतील. ‘बिशप चालले होते’ असं कुणी म्हणणार नाही.”

म्हातारे बिशप पायऱ्या चढून तिच्यासमोर आले. मग म्हणाले, “बूट काढतो, बाई. पण मला वाकता येत नाही.”

“माझा जन्म वाकण्यातच गेलाय,” म्हणत तिने त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

मग बाकीच्यांची काय बिशाद! दोनशे माणसं मांजराच्या पावलांनी आत गेली. एकही फरशी हलली नाही.

पुढे ‘आता बूट चालतील’ असं तिने स्वतः सांगितलं, तरी लोक काढतच राहिले. हल्ली पाहुण्यांना ही चाल नम्रतेची खूण म्हणून सांगतात.

“नम्रता कसली डोंबलाची! सिमेंट ओलं होतं,” ती म्हणते.

त्या उद्घाटनानंतर महिन्याभरात तिला शाळेच्या सभागृहाचं काम मिळालं. हाताखाली तिने दोघे घेतले. दोघेही पुरुष.