आईला जमलं तेवढं

थोरल्या बहिणीनं शिरूरच्या टायपिंग क्लासमधल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा मी आठवीत होते. मुलगा बौद्ध, आम्ही धनगर. आजोबांपर्यंत मेंढरांमागं रानोमाळ फिरलेलं आमचं घर कवठे येमाईत शेतीवर स्थिरावलं होतं, आणि स्थिरावलं की माणसाला अब्रू नावाचा आजार जडतो. वडील एवढंच म्हणाले, "तिचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई." थोरल्या चुलत्यांनी मान हलवली. आईला कुणी विचारलं नाही.

बहिणीच्या नवऱ्याला कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली, दोघं तिकडं राहायला गेली. वर्षभरानं कुणीतरी आईच्या कानाशी लागून सांगितलं, लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईनं जुनं मऊ लुगडं फाडून झबली-टोपडी शिवली आणि बाजरीच्या कणगीमागं लपवली. पण जायचं धाडस होईना. शिरूरला गाडी बदलायची, दौंडला बदलायची, की आलं कुरकुंभ. तिला उंबराच ओलांडवत नव्हता.

मग आईनं धाडसाची तालीम सुरू केली. असं ती कधी म्हणाली नाही, मी म्हणते.

आमच्या गावात जुन्या वळणाच्या बायका पारापुढून जाताना चपला हातात घेत. पारावर बसणारे निम्मे बिड्या फुंकणारे, निम्मे पत्ते कुटणारे, पण मान त्यांचा. एक दिवस आई चपला घालूनच गेली. घरी येऊन तांब्याभर पाणी प्याली.

"कोन काय म्हणलं का?" मी विचारलं.

"न्हाई. कुणी बघितलंबी न्हाई," म्हणाली, आणि हसत सुटली.

पुढं चुलते ओसरीवर आले तरी ती उठून उभी राहीना. ते खाकरायचे, परत खाकरायचे, ही आपली शेंगा फोडत बसलेली. चुलतीनं टोमणा मारला, "गुडघं धरल्यात का, जाऊबाई?" आई म्हणाली, "व्हय, म्हातारी झाले." शिरूरच्या बाजाराला गेलो तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलात पुरुषांच्या मधल्या बाकड्यावर बसून आम्ही दोघींनी मिसळ खाल्ली. तिनं मान वर केली नाही, तरी पाव पुन्हा मागवला.

एका दिवाळीला वडील जेवायला बसले असताना तिनं बहिणीचं नाव घेतलं. नीट, मोठ्यानं. वडील ताटावरून उठले, काही दिवस अबोला धरला, मग भूक लागली तशी भाकरी मागितली. "हळूहळू जमतंय बघ," आई मला म्हणाली. मलाही तिचा फार अभिमान वाटायचा. ह्या हळूहळूमध्ये तिकडं कुणाचे दिवस जात होते, हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नाही.

मी बारावीला असताना एका सकाळी ती वडलांना म्हणाली, "लेकीकडं चालले." वडील दावं वळत होते, ते वळतच राहिले. आम्ही निघालो.

कुरकुंभला उतरल्याबरोबर औषधाचा उग्र वास नाकात शिरला. बहिणीनं दार उघडलं. ती वाळली होती. तिच्यामागं बालवाडीचं दप्तर अडकवलेला मुलगा उभा. तिनं बसायला चटई टाकली, चहा ठेवला. आईनं पिशवीतून झबली-टोपडी काढली. पोर मोठं झालंय हे तिला माहीत होतं, तरी आणली होती. पोरानं टोपडं मुठीवर चढवलं, त्याची बाहुली केली आणि तिच्याशी बोलत बसला.

"शेजारनीनं केलं समदं माझं," बहीण म्हणाली. "कळा येत व्हत्या तवाबी मी दाराकडंच बघत व्हते, आई."

"अगं, म्या पारापुढनं चपला घालून..." आई सांगायला लागली आणि मध्येच थांबली. तिची एवढी मोठी लढाई त्या खोलीत सांगण्याजोगीसुद्धा उरली नव्हती. मला तिची इतकी कीव आली की चहा पिववेना.

निघताना बहीण दारापर्यंत आली. "आता येत जाऊ नगंस. पोराला सवय लागंल. मग तुझं येणं थांबलं, की त्याला काय सांगू म्या?"

"न्हाई थांबनार."

"तुला न्हाई जमायचं गं," बहीण म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं आईच्या गालावरून हात फिरवत म्हटलं. मला वडलांचा, चुलत्यांचा, त्या पारावरच्या रिकामटेकड्यांचा असा संताप आला, आणि त्या संतापाचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

दौंडला गाडी बदलली, शिरूरला बदलली. कवठ्याच्या गाडीत बसलो. गाडी गावच्या माणसांनी भरलेली, पुढच्या बाकावर पारावरचे आप्पा. आमच्या घरातल्या बायका रडतात त्या पदर तोंडात कोंबून. आई मात्र पदर न लावता, उघड्या तोंडानं, हमसून हमसून रडायला लागली. माना वळल्या. तिकिटं फाडत आलेला कंडक्टर थबकला.

"मावशी, कोण गेलं?"

आईनं नाक पुसलं.

"कुणी गेलं न्हाई, भाऊ," ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली. "थोरली लेक हाय माझी. कुरकुंभला दिलीया तिला."