सोफाताईंची खुर्ची

सोफाताईंना आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता बँकेच्या पासबुकापुरतं उरलं होतं. फर्निचरच्या दुकानात त्यांची उभी हयात गेली आणि गल्लीने त्यांचं सोफाताई करून टाकलं. आता उभी हयात आपण सगळेच म्हणतो, पण सोफाताईंच्या बाबतीत ती खरोखरच उभ्याने गेली होती.

दुकान चांगलं ऐसपैस. सोफे, दिवाण, आरामखुर्च्या, झुलत्या खुर्च्या, आजोबांना पाय लांब करता यावेत म्हणून कळ दाबली की पसरणारी एक अगडबंब खुर्ची. एखादं लग्न निवांत बसेल एवढी जागा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध शटर उघडल्यापासून ते पडेपर्यंत चार बायका उभ्या. कारण मालकांचा नियमच होता, विकायच्या मालावर नोकरांनी बसायचं नाही, माल जुना होतो. न विकायचा माल दुकानात नव्हताच, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला. डबासुद्धा चौघी मागच्या गोदामात, गुंडाळलेल्या कपाटांना टेकून, उभ्याने खात.

बसत नव्हतं कोण म्हणाल, तर फक्त या चौघी. गल्ल्यावर मालकांचा मेहुणा बसे. त्याला चाकांची फिरती खुर्ची होती आणि हिशेबापेक्षा तो खुर्चीच जास्त फिरवी. ऑफिसची टेबलं विकणारा गृहस्थही टेबलामागे बसे. का, तर टेबलामागे माणूस असला की टेबल शोभतं. सोफ्यावर बाई बसली तर सोफा शोभत नसावा.

सोफाताई मात्र विकण्यात वस्ताद. ‘अहो, बसून बघा, उठावंसं वाटलं तर माझं नाव बदला,’ असं त्या ठणकावून सांगत आणि गिऱ्हाईक बसलं की पुढे त्याचं काही चालत नसे. कुठली गादी कंबरेला मानवते, कुठल्या हातावर चहाचा कप ठेवता येतो, सगळं त्या अशा रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाई घरी काय, सोफ्यावरच लोळत असणार. त्यातल्या एकाही सोफ्याला त्यांनी कधी पाठ टेकली नव्हती. उगाच नाही मी त्यांना वस्ताद म्हणत.

घरी गेल्यावर वेगळीच तऱ्हा. नवरा टेलर. तो दिवसभर मशीनवर वाकून बसलेला.

‘‘अगं, बसून बसून कंबरेचा पार भुगा झालाय,’’ तो कण्हत म्हणे.

‘‘आणि उभं राहून राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेत, ते कुणाला सांगू?’’

‘‘एक दिवस बदलून बघू या का?’’

‘‘बघू या की. तुम्ही जाऊन सोफे विका, मी बसते तुमच्या गिऱ्हाइकांच्या विजारी आखूड करत.’’

‘‘तुमचं काय ते ठरलं की कुणीतरी मला पाणी द्या,’’ पलंगावरून सासूबाई म्हणत.

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथपर्यंतच. सोफाताईंच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळी पाय चपलेत मावत नसत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, ‘‘दिवसातून मधूनमधून बसायला मिळालंच पाहिजे. नाहीतर ही नोकरी सोडा.’’ सोडा म्हणायला काय जातं? घर त्या पगारावर अर्धं चालत होतं, आणि खरं सांगायचं तर सोफाताईंचा त्या दुकानात जीव होता. घरी बसून सासूबाईंना काय सोफा विकायचा?

म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या बसायला जागा शोधू लागल्या. चहावाला चहा घेतल्याशिवाय बाकावर बसू देईना. बसथांब्यावरचा बाक कुणीतरी उचकटून नेलेला. शेवटी मागच्या गल्लीत एका जिन्याखाली पाटी दिसली, ‘मोफत सल्ला : कायदा, नोकरी, समान हक्क’. सोफाताईंनी त्यातलं ‘मोफत’ तेवढं वाचलं आणि आत डोकावल्या. आत पंखा होता, आणि पंख्याखाली लांबलचक रिकामा बाक. सोफाताई बसल्या आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले.

‘‘काय काम?’’

समोर म्हातारा शिपाई. पंख्याची हवा खायला येणाऱ्यांना हाकलून देणं हे त्याने आयुष्याचं ध्येय मानलं होतं.

‘‘तक्रार आहे,’’ सोफाताई घाईघाईने म्हणाल्या.

‘‘कसली?’’

‘‘वरच्या मजल्यावरचं पाणी आमच्या न्हाणीघरात गळतं.’’

ते खरंच गळत होतं. आतल्या खोलीत एक वकीलबाई बसत. सोफाताईंच्या मुलीच्या वयाच्या, काडीसारख्या बारीक, चष्मा सारखा नाकावर घसरलेला, समोर निवलेला चहा. त्यांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि घरमालकाशी काय बोलायचं, नाही ऐकलं तर कुठे जायचं, ते समजावून सांगितलं. आतली खुर्ची तर बाकापेक्षा मऊ होती. सोफाताईंनी गादी हाताने दाबून पाहिली. माल बरा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘काय काम?’ आलंच. मग सोफाताईंनी नणंदेची गोष्ट काढली. लग्न झालंय, उद्या मूल होईल, म्हणून तिला एका ठिकाणी नोकरी नाकारली होती. वकीलबाई ताडकन सरसावून बसल्या. त्यानंतर आत्तेसासूंच्या घराचा वाटा झाला, शेजारच्या लंगड्या काकांना बँकेच्या पायऱ्या चढता येत नाहीत ते झालं. तक्रारी खोट्या नव्हत्या, फक्त सोफाताईंच्या नव्हत्या. फुकटचा सल्ला म्हणजे वाया गेलेला सल्ला, अशी त्यांची पक्की समजूत होती. पण न्हाणीघरातलं गळणं खरोखर थांबलं, नणंदेला तर चक्क नोकरीवर बोलावणं आलं, आणि सोफाताईंना जरा ओशाळल्यासारखं झालं. आपण इथे बसायला येतो आणि ही पोरगी जीव तोडून काम करते.

मग एक दिवस असा उगवला की तक्रारच उरली नाही. दुकानात सकाळपासून गर्दी होती, पाय ठणकत होते आणि शिपाई समोर उभा.

‘‘मांजर,’’ सोफाताई म्हणाल्या.

‘‘मांजराचं काय?’’ आत वकीलबाईंनी विचारलं.

‘‘शेजारच्यांचं मांजर खिडकीतून आमच्या स्वयंपाकघरात बघतं.’’

‘‘येऊन दूध पितं?’’

‘‘नाही. नुसतं बघतं. पण टक लावून बघतं हो.’’

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांची नजर टेबलाखाली गेली. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, सुजलेले पाय थंड फरशीवर टेकलेले.

‘‘मावशी, खरं सांगा. तुम्ही इथे कशाला येता?’’

सोफाताईंची चोरी पकडली गेली. मान खाली घालून त्या म्हणाल्या, ‘‘बसायला.’’

‘‘कामावर बसायला मिळत नाही?’’

‘‘दुकानात कुणी बसतं का?’’

‘‘कसलं दुकान?’’

‘‘फर्निचरचं.’’

दारातल्या शिपायाला असं काही हसू फुटलं की तो बाहेरच गेला. वकीलबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एकेक करून सगळं काढून घेतलं. मेहुण्याची फिरती खुर्ची, टेबलामागचा गृहस्थ, चौघी बायका, डॉक्टरीणबाई.

‘‘म्हणजे पुरुष बसणार आणि बायका उभ्या! अहो, एवढे दिवस तुम्ही मला गळणारं पाणी सांगितलंत, मांजर सांगितलंत, मग ही तक्रार का नाही सांगितली?’’

‘‘ही कुठे तक्रार आहे?’’ सोफाताई भाबडेपणाने म्हणाल्या. ‘‘ही तर नोकरी आहे.’’

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मग सावकाश समजावलं. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी लागते, हे कायद्यातच आहे. मागितली म्हणून कामावरून काढता येत नाही. आधी तोंडी मागा, नाही दिली तर आम्ही सोबत येतो, पैसा एक लागणार नाही. ‘‘तुम्ही चौघी आहात, चार खुर्च्या मागा,’’ त्यांनी बजावलं.

कायदा म्हणतो काढता येत नाही, पण मालक कुठे कायद्याला विचारून काही करत होते? रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी मात्र त्या मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथेच गाडी घसरली. तोंडाला जन्माची सवय. मागायला म्हणून तोंड उघडलं आणि त्या विकायलाच लागल्या.

‘‘साहेब, चार खुर्च्या ठेवू या. टिकाऊ लाकूड, पाठीला आधार, जागा कमी खातात. आम्ही ताज्यातवान्या राहिलो तर विक्री वाढेल.’’

मालकही हाडाचे दुकानदार. समोरून माल आला की भाव पाडायचा, एवढंच त्यांना ठाऊक. ‘‘चार फार होतात. एक ठेवा.’’

‘‘एकीत काय होणार साहेब? तीन तरी द्या.’’

‘‘दीड,’’ मालक सवयीने म्हणून गेले आणि मग सावरून म्हणाले, ‘‘दोन. त्यासुद्धा गोदामातल्या. आणि दुकानात नाही, मागे ठेवायच्या.’’

‘‘चला, तुमचं ना माझं, दोन!’’

सोफाताई तरंगतच सल्ला केंद्रात गेल्या. ‘‘दोन मिळाल्या! एकीचा पाय मोडकाय, पण खाली वीट लावली की झालं.’’

‘‘मावशी!’’ वकीलबाई उभ्याच राहिल्या. ‘‘हक्काची घासाघीस करून आलात तुम्ही?’’

‘‘न करता कसं मिळणार?’’

‘‘अहो, ते काही मालक तुम्हाला देणार नाहीयेत, ते तुमचंच आहे. आपल्याच वस्तूचा भाव पाडून कुणी विकत घेतं का?’’

हे दुकानदारीच्या भाषेत होतं, त्यामुळे सोफाताईंना लख्ख कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सौद्यात फसवलं होतं, आणि तेही त्यांच्या राजीखुशीने.

दुसऱ्या दिवशी चौघी एकत्र गेल्या. सोबत वकीलबाई. मालकांना वाटलं गिऱ्हाईक. ‘‘या मॅडम, बसून बघा!’’

‘‘या बसल्या की बसते,’’ वकीलबाई म्हणाल्या आणि आपण कोण ते सांगितलं. मेहुण्याची खुर्ची फिरायची थांबली.

मालकांनी आवाजात मध घातला. ‘‘अहो, कायदा कशाला मधे आणता? या सगळ्या मला घरच्यासारख्या आहेत.’’

वकीलबाई काही बोलणार तेवढ्यात सोफाताईच म्हणाल्या, ‘‘घरी वहिनी बसतात ना, साहेब?’’

मागे तिघींपैकी कुणीतरी खुदकन हसलं.

‘‘दोन कालच ठरल्यात,’’ मालक शेवटी पुटपुटले.

‘‘तो सौदा माझा चुकला. चार. दुकानात, धड पायांच्या. यात कमी-जास्त नाही,’’ सोफाताई म्हणाल्या.

चार खुर्च्या आल्या. आल्या आणि तशाच पडून राहिल्या. बसायची हिंमत कुणाला? एक जण उगाच कपाट पुसू लागली, दुसरीला अचानक पडदे नीट करायची आठवण झाली. मालक गल्ल्यापाशी उभे राहून बघत होते. अखेर सोफाताई गेल्या आणि बसल्या. पाय सैल झाले, पाठीला आधार मिळाला. आता आनंद व्हायला हवा होता, पण आला तो संताप. एवढंच होतं? चार लाकडाच्या पायांची एक वस्तू, आणि तिच्यासाठी आपण इतकी वर्षं पाय जाळले? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. ते पाहून बाकीच्या तिघी एकेक करून येऊन बसल्या.

तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक बाई आल्या. सगळं दुकान सोडून त्यांची नजर सोफाताईंवर खिळली. ‘‘किती छान बसलायत हो तुम्ही! मला अगदी हीच खुर्ची हवी. केवढ्याला?’’

मालकांचा चेहरा उजळला. ‘‘देऊन टाका हो ताई! उद्या तुमच्यासाठी दुसरी आणू.’’

बाकीच्या तिघी सोफाताईंकडे बघू लागल्या. त्या दुकानातला ‘उद्या’ किती लांबचा असतो, ते चौघींनाही माहीत होतं. आणि आलेलं गिऱ्हाईक सोफाताईंनी आजवर कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

‘‘ही विकायची नाही,’’ सोफाताई म्हणाल्या.

‘‘म्हणजे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘ही माझी आहे. तुमच्यासाठी तिकडे भिंतीशी आहेत ना, याच लाकडाच्या. बसून बघा.’’

आणि पाठ न हलवता त्यांनी नुसत्या हाताने दिशा दाखवली.