कॅनियनच्या आधी फ्लायओव्हर

रविवारी आमच्या टेरेसवर कॅनियनला जायची मीटिंग झाली आणि तेव्हापासून माझ्या घशाखाली घास धड उतरत नाहीये.

कॅनियन कच्छमधली. रखरखीत दगडांची खोल घळ, तिच्या कडेकडेने गोल फिरायचं आणि निघालो तिथेच परत यायचं. महिन्यापूर्वी सुरतेतल्या आमच्या खानदेशी मंडळींच्या ग्रुपवर कुणाच्या तरी मुलीने रील टाकलं, त्याखाली लिहिलेलं, 'मॉडरेट डे हाइक'... आमच्या ह्यांनी मॉडरेटचा अर्थ 'आपल्या वयाला झेपेल असं' असा लावला. ज्यांनी सुरतेत राहून चढ म्हणून फक्त फ्लायओव्हर पाहिलाय, त्यांचा हा आत्मविश्वास!

हे म्हणजे माझा नवरा. कडोदऱ्याला पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामगारांवर देखरेख करणारे मास्तर होते, आता घरी. मागच्या वर्षी हृदयात स्टेंट बसलाय, आणि ग्रुपमध्ये हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा सगळ्यांना 'धुळ्याला गेलोय, शेतीचं काम आहे' असं सांगितलं होतं. आमची शेती माझ्या सासऱ्यांनीच विकली, ही गोष्ट वेगळी...

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं होतं. त्यांनी वाळवंटात चाला असं म्हटलं नव्हतं, हे माझं म्हणणं. नको असंही म्हटलं नव्हतं, हे ह्यांचं.

मी तो रस्ता फोनवर इतक्यांदा पाहिलाय की डोळे मिटले तरी दिसतो. गोल वाटेत एक जागा अशी येते, जिथून पुढे जाणंही लांब आणि मागे फिरणंही तितकंच लांब. तिथे सावली नाही, नेटवर्क नाही. मला हे नेमके तिथल्याच दगडावर बसलेले दिसतात... छातीवर हात ठेवून.

मीटिंगमध्ये मात्र सुरुवातीचा सगळा वेळ जेवणावर गेला. शेवभाजी न्यायची की कळण्याची भाकरी आणि ठेचा, यावर दोन तट पडले. एकाने छोटा गॅस न्यायचं सुचवलं. पाण्याचा विषय मी काढला, तर "पाणी मळी जशे" असं अस्सल गुजरातीत उत्तर मिळालं. मिळून जाईल म्हणे. वाळवंटात!

मग ह्यांनी मास्तरकी काढली. लूमवर कुणी एकटा नसतो. चहाला जायचं तर शेजारच्याला खूण करायची, तो तुमचे माग सांभाळतो. म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार. आणि एका घरचे दोघे एका जोडीत नाहीत, कारण घरचं काही निघालं की दोघे एकदमच गायब होतात आणि माग उघडे पडतात... खात्यातला नियम.

म्हणजे ह्यांचा जोडीदार मी नाही. भिकनभाऊ! खात्यातला जुना सोबती, मोठ्या आवाजाचा, आणि ज्याला स्टेंटचा पत्ताही नाही असा माणूस.

माझ्या वाट्याला त्याची बायको, कल्पनावहिनी. तिने तिथेच विचारलं, "बोला वहिनी, तुमचं काय कच्चं? माझा तर डावा गुडघा."

"माझं काही नाही," मी म्हटलं. आवाज असा निघाला की तिने माझा हात धरला.

सोमवारी सकाळी हे दूध आणायला गेले आणि भिकनभाऊ दारात. चप्पल काढली, पण आत येईना.

"वहिनी, रागे भरू नका. मास्तरनी माले सांगं."

"काय सांगितलं?"

"स्टेंटचं. जोडीदार म्हनून." मग इकडेतिकडे पाहिलं. "आनि ते फ्लायओव्हरचं बी."

फ्लायओव्हरचं? आम्ही दोघं महिनाभर सरावासाठी रोज सकाळी फ्लायओव्हर चढतोय. मी बरोबर असते.

"चढावर बुटाची नाडी बांधाले थांबतस ना ते... नाडी नसते ती वहिनी. छाती भरी येस त्यांची. तुमले सांगू नको, असं बोलले. पन मी माग सांभाळू का बोलनं सांभाळू?"

 ते खाली वाकायचे आणि मी शेजारी उभी राहून ट्रॅफिककडे बघायची. वर टोमणा मारायची, की बूट घालायची अक्कल या वयात तरी यायला हवी...

हे दूध घेऊन वर आले. भिकनभाऊला दारात पाहून सगळं समजले. "भिकन्या, तोंड आहे की लूम?" एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून दवाखान्यात जायला रिक्षा बोलवायला वळले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी वाद घातला नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी दाखल करून घेतलंय. उद्या अँजिओग्राफी आहे. पुढचं त्यानंतर कळेल, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

ग्रुपवर भिकनभाऊने एकच मेसेज टाकला, की कॅनियन रद्द, मास्तर बरे झाल्याशिवाय कुणी कच्छचं नाव काढायचं नाही. शेवभाजीवाले आणि भाकरीवाले पहिल्यांदाच एकमताने 'हो' म्हणाले.

बायको घाबरेल म्हणून नवरे गप्प बसतात. अहो, मी तर घाबरलेलीच होते, फक्त चुकीच्या दगडाकडे बघून! वाळवंटातली ती जागा शोधत बसले आणि रोजच्या फ्लायओव्हरवर माझ्या शेजारी काय होतंय ते दिसलं नाही. कल्पनावहिनी आत्ता दवाखान्यात माझ्या बाजूला बाकावर बसलीये, गुडघा चोळत. घरी जा म्हटलं तर म्हणाली, "जोडीत आहोत ना?"... भिकनभाऊ, तुम्ही शब्द मोडलात. उपकार झाले.